मुलांचे समुपदेशन : गोपनीयता जपणे हाच घराचा आधार

शिरूरच्या पेठेत काय किंवा दौंडच्या बाजारात काय, पिढ्यानुपिढ्या दुकानदारी करणाऱ्या घरांना एक नियम कोणी वेगळा शिकवावा लागत नाही. एका गिऱ्हाइकाच्या खात्याचे पान दुसऱ्या गिऱ्हाइकापुढे उघडायचे नसते. कोणाची उधारी किती थकली, कोणी मुदत वाढवून मागितली, कोणाचा चेक परत आला, हे गादीवर कळते आणि गादीवरच राहते. पेठेचा विश्वास या मौनावर उभा असतो. बँकेत नोकरीस लागणाऱ्या माणसाकडून रुजू होतानाच गुप्ततेच्या घोषणापत्रावर सही घेतली जाते, तीही याच कारणाने.

हाच नियम स्वतःच्या घरातील मुलाच्या मनाला लावण्याची वेळ आली की मात्र भल्याभल्यांची परीक्षा होते. सतरा वर्षांचा मुलगा किंवा वीस वर्षांची मुलगी समुपदेशकाकडे जाऊ लागली की आईवडिलांच्या मनात पहिला प्रश्न येतो, "आत काय बोलणे झाले?" हा प्रश्न प्रेमापोटी आणि काळजीपोटी येतो, हे निर्विवाद. परंतु तो वारंवार विचारला गेला की मूल आत बोलणे थांबवते आणि काही दिवसांनी जाणेही थांबवते. म्हणून समुपदेशन घेणाऱ्या मुलाला घराने द्यावयाचा सर्वांत मोठा आधार म्हणजे त्या खोलीतील बोलणे त्या खोलीतच राहू देणे. हे बोलायला सोपे आणि पाळायला कठीण आहे.

प्रश्न आपल्याही घरांचा

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार १० ते १९ या वयोगटातील दर सात मुलांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो, आणि एकूण मानसिक विकारांपैकी निम्मे वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये असे विकार आढळले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. घरात खाण्यापिण्याची ददात नाही, संस्कार चांगले आहेत, एवढ्याने कोणतेही घर या आकड्यांच्या बाहेर राहत नाही.

व्यापारी घरांतील मुलांचे ताण थोडे निराळे असतात. मुलाला दुकानात बसायचे नसते आणि ते वडिलांना सांगता येत नाही. सी.ए.च्या परीक्षेचा दुसरा-तिसरा प्रयत्न हुकलेला असतो आणि त्याच वेळी चुलतभाऊ पास झाल्याचे पेढे घरात वाटले जातात. दहावीपर्यंत शिरूरच्या शाळेत पहिल्या पाचांत असलेली मुलगी पुण्याच्या वसतिगृहात गेल्यावर वर्गात मागे पडते. पदवीचे दुसरे वर्ष संपण्यापूर्वीच सोयरिकीची बोलणी सुरू होतात. व्यवसायात खोट आली, तर रात्री बंद दाराआड चाललेले हिशेब मुलांच्या कानी पडतात आणि त्याविषयी विचारण्याची सोय नसते. एकत्र कुटुंबाचा आधार मोठा खरा, पण भरल्या घरात एकट्याने रडायलाही कोपरा सापडत नाही.

झोप उडणे किंवा दिवसभर झोपून राहणे, जेवण तुटणे, मित्र तोडणे, क्षुल्लक कारणावरून संताप, अभ्यासातील एकाएकी घसरण, आवडीच्या गोष्टींतील रस जाणे, अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर तज्ज्ञाला दाखवावे. 'वयच तसे आहे' या समजुतीत पुष्कळ वेळ वाया जातो.

कोणाकडे जावे

समुपदेशक, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ ही तीन माणसे निराळी आहेत. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो. औषधे तोच देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाने विशेष प्रशिक्षण घेतलेले असते व त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते; तो चाचण्या व मानसोपचार करतो. समुपदेशक बोलण्यातून मार्ग काढण्यास साहाय्य करतो. मात्र नुसत्या 'समुपदेशक' या पाटीवरून पात्रता कळत नाही. माल घेताना आपण बिल्टी पाहतो, तसे येथे शिक्षण, अनुभव आणि नोंदणी विचारून घ्यावी. चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नाचा राग येत नाही. औषधांची गरज वाटल्यास तो स्वतःच डॉक्टरांकडे पाठवतो.

मराठी समाजात हे काम काही अगदी नवे नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९० साली स्थापन केलेली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था आणि व्यसनमुक्तीसाठी पुण्यात १९८६ पासून चालणारे 'मुक्तांगण' यांनी मनाच्या आजाराविषयी उघडपणे बोलण्याची सवय महाराष्ट्राला लावली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, त्याचा विषयही नैराश्याने ग्रासलेला एक तरुण हाच होता. त्याला आसरा देणारी बाई त्याची चौकशी करीत बसत नाही, हे त्या चित्रपटातील विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

गोपनीयता आणि तिची मर्यादा

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ ने मानसिक आजाराच्या व्यक्तीला तिची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क दिला आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने किंवा मुलीने घेतलेल्या उपचारांचा तपशील तिच्या संमतीवाचून वडिलांनाही मागता येत नाही. मग फी त्यांनी भरलेली असो वा नसो. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पालक हेच कायद्याने त्याचे प्रतिनिधी असतात. उपचारांचा निर्णय घेण्यास लागणारी माहिती त्यांना मिळते. मात्र निर्णयास लागणारी माहिती निराळी आणि मुलाने उच्चारलेले प्रत्येक वाक्य निराळे. निदान काय, उपचार कोणता, किती काळ, धोका आहे की नाही, हे पालकांनी जाणून घ्यावे. कोणत्या मैत्रिणीविषयी तो बोलला, आजीविषयी काय म्हणाला, हे जाणण्याची गरज नसते.

गोपनीयतेला मर्यादाही आहेत आणि त्या मुलाला पहिल्याच भेटीत सांगितल्या जातात. मुलाच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, तर समुपदेशक पालकांना कळवतो. न्यायालयाचा आदेश असेल तर माहिती द्यावी लागते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तेथे घराण्याच्या प्रतिष्ठेचा विचार आड येऊ शकत नाही. त्यामुळे 'आमच्यापासून काही भयंकर लपवले तर जाणार नाही ना' ही पालकांची भीती बहुतांशी निराधार ठरते. जे कळायलाच हवे ते कळते. जे कळत नाही, ते न कळण्यातच मुलाचे हित असते.

यासाठी पहिल्या भेटीत आईवडील, मूल आणि समुपदेशक यांनी एकत्र बसून काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. पालकांना कोणत्या प्रसंगी कळवले जाईल? प्रगती कशी समजेल? चार-पाच भेटींनंतर मुलाच्या संमतीने व त्याच्या उपस्थितीत एक एकत्रित बैठक घेता येईल का? फी किती आणि भेट चुकल्यास काय? एकदा हे ठरले की दर वेळी दारात उभे राहून समुपदेशकाला बाजूला घेण्याचा मोह टाळता येतो. बाजूला घेऊन झालेली कुजबुज मुलाच्या नजरेतून सुटत नाही.

शास्त्रातील 'अपरिस्रावी'

आपल्या परंपरेला ही कल्पना परकी नाही. आलोचना कोणापुढे करावी, याचा विचार आगमांनी बारकाईने केला आहे. स्थानांग सूत्राच्या आठव्या स्थानात आलोचना ऐकण्यास योग्य अशा साधूचे आठ गुण सांगितले आहेत. त्यांतील तीन येथे विशेष विचारात घेण्याजोगे आहेत. 'अपव्रीडक' म्हणजे बोलणाऱ्याचा संकोच दूर करणारा. 'निर्यापक' म्हणजे ज्याला जेवढे पेलेल तेवढ्याच प्रमाणात प्रायश्चित्त देऊन ते पार पाडवून घेणारा. आणि 'अपरिस्रावी' म्हणजे ऐकलेले कधीही बाहेर झिरपू न देणारा. दिगंबर परंपरेतील 'भगवती आराधना' या ग्रंथातही आचार्याच्या गुणांत हा अपरिस्रावी गुण सांगितला आहे. भांडे कितीही सुंदर असले तरी गळके असेल तर त्यात पाणी ठेवता येत नाही, इतका साधा हा विचार आहे.

गृहस्थांसाठीही हाच दंडक आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटे दस्तऐवज करणे आणि 'न्यासापहार' म्हणजे ठेव बुडवणे हे दोन आहेत. व्यापाऱ्याला ते लगेच कळतात. परंतु त्याच यादीत 'रहोभ्याख्यान' आणि 'साकारमंत्रभेद' हेही आहेत. एकांतातील गोष्ट उघड करणे आणि कोणाचे गुपित फोडणे असा त्यांचा अर्थ. ठेव बुडवणे आणि गुपित फोडणे यांना शास्त्रकारांनी एकाच पंक्तीत बसवले, ही गोष्ट मुलाच्या मनाविषयी नातेवाइकांत चर्चा करण्यापूर्वी प्रत्येकाने आठवावी.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आलोचना दोषाची असते. मनाचा आजार हा दोष नव्हे. मुलाने समुपदेशकाकडे जाणे म्हणजे त्याच्या हातून पाप घडले आहे, असा अर्थ कोणी घेऊ नये. 'कर्माचा उदय आहे, भोगलाच पाहिजे' असे म्हणून उपचार टाळणेही योग्य नाही. ताप आला असता तोच कर्मोदय मानूनही आपण डॉक्टरांकडे जातोच. स्वाध्याय, सामायिक आणि गुरुवंदन मनाला बळ देतात. ते उपचारांच्या सोबतीने चालावेत, त्यांच्या जागी नव्हे.

घरात काय करावे, काय टाळावे

भेटीहून परतल्यावर गाडीतच सुरू होणारे प्रश्न प्रथम बंद करावेत. "काय विचारले त्यांनी? तू काय सांगितलेस? आमच्याविषयी काही बोललास का?" या प्रश्नांऐवजी "पुढची वेळ कधीची आहे? गाडी काढू का, की तू बसने जातोस?" एवढे पुरते. मुलाने आपण होऊन काही सांगितले तर ऐकावे, मध्ये उपदेश करू नये, आणि दुसऱ्या दिवशी तो विषय पुन्हा उकरू नये. "एवढ्या फीत काय फरक पडला?" हे वाक्य तर उच्चारूच नये. पैशाचा हिशेब काढला की मुलाला आपण घरावर चढलेले कर्ज वाटू लागतो.

फरक जोखण्यासाठी पालकांना आतील बोलणे कळण्याची आवश्यकता नसते. झोप सुधारली का, ताटावर सगळ्यांसोबत बसतो का, मित्राचा फोन घेतो का, कॉलेज बुडवणे कमी झाले का, हे डोळ्यांना दिसते. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. चार दिवस बरे गेल्यावर दोन दिवस वाईट येतात. समुपदेशनाची एक भेट साधारणतः ४५ ते ६० मिनिटांची असते आणि पुष्कळदा आठवड्यातून एकदा ठेवली जाते. दोन भेटींत निकाल मागणे म्हणजे पेरणीनंतर आठवड्याने कापणीला जाणे.

मुलाची वही, डायरी, मोबाइलवरील संदेश चोरून वाचू नयेत. एकदा का वाचल्याचे उघड झाले, की तुटलेला विश्वास जोडायला महिने लागतात.

घरातील इतरांना काय सांगायचे, हे मुलाला विचारून ठरवावे. दादी, काका-काकी, भुवा यांनी विचारल्यास "त्याची तब्येत जरा ठीक नाही, डॉक्टरांचे मार्गदर्शन चालू आहे" एवढे एकच उत्तर आईवडील दोघांनीही द्यावे. ते खोटे नाही आणि अपुरेही नाही. काळजी वाटणाऱ्या आजीला कामही द्यावे. नातवाच्या आवडीचे जेवण, संध्याकाळी त्याच्यासोबत चार पावले चालणे. ज्येष्ठांना माहितीपेक्षा सहभागाची ओढ अधिक असते.

लहान गावाची अडचण

पुण्यासारख्या शहरात दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात कोणी कोणाला ओळखत नाही. घोडनदीकाठच्या शिरुरात किंवा भीमाकाठच्या दौंडमध्ये तसे नाही. दवाखान्यासमोर उभी असलेली गाडी कोणाची, हे रस्त्याने जाणारा प्रत्येक जण सांगू शकतो. या संकोचापायी अनेक घरे उपचारच पुढे ढकलतात. त्यावर मार्ग आहेत.

शिरुरहून पुणे सुमारे ७० किलोमीटर आहे. दौंडहून रेल्वेने साधारण तेवढेच. मालाच्या खरेदीसाठी आठवड्यातून एकदा पुण्याला जाणारे वडील मुलालाही सोबत नेऊ शकतात, आणि दोघांचा तो प्रवास हाच पुष्कळदा औषधासारखा ठरतो. पहिल्या एक-दोन भेटी प्रत्यक्ष आणि पुढील काही भेटी दूरध्वनीवर किंवा संगणकावर, अशी व्यवस्था अनेक तज्ज्ञ करून देतात. तशी भेट घरून असेल तर मुलाला दार लावता येईल अशी खोली आणि एक तास द्यावा. दुकानावरच्या माडीत ते शक्य नसेल तर गच्ची किंवा गोदामाची वरची खोली चालेल, पण त्या तासात कोणी "चहा घेणार का?" म्हणून डोकावू नये.

केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येते. लहान मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून देशात चालू असून त्यात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी शासकीय रुग्णालयांत सल्ला केंद्रे चालवली जातात. महाराष्ट्रात ती 'मैत्री' या नावाने ओळखली जातात. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात त्यांचा वार व वेळ विचारून घ्यावी. खासगी शुल्क परवडणाऱ्यांनीच उपचार घ्यावेत असे नाही. दुकानात काम करणाऱ्या माणसांच्या मुलांनाही ही माहिती द्यावी.

फी कोणत्या खात्यातून जाते, ही बाब किरकोळ वाटते, पण ती किरकोळ नाही. दुकानाच्या चालू खात्यातून यू.पी.आय.ने भरलेली रक्कम दवाखान्याच्या नावासह उताऱ्यावर उमटते. तो उतारा भागीदार काका पाहतात, मुनीमजी पाहतात, कर सल्लागार पाहतात. तसेही मुलाच्या उपचारांचा खर्च हा पेढीचा खर्च नव्हे. तो आईच्या किंवा वडिलांच्या बचत खात्यातून करावा. मूल अठरा वर्षांचे असेल तर त्याच्या स्वतःच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम जमा करून फी त्यालाच भरू द्यावी. त्याने जबाबदारीही वाढते. मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची सोय असावी, असे २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना बंधन घातले आहे. रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या समुपदेशनाची फी मात्र पुष्कळ पॉलिसींत येत नाही. तेव्हा अटी वाचून पाहाव्यात.

औषधे, चौविहार आणि उपवास

डॉक्टरांनी औषधे दिली असतील तर आपल्या घरांत एक विशेष प्रश्न येतो. रात्रीची गोळी आणि चौविहार यांचा मेळ कसा घालायचा? चातुर्मासात, पर्युषणात उपवास करावा का? हे प्रश्न डॉक्टरांपुढे स्पष्टपणे मांडावेत. अनेक औषधांची वेळ सूर्यास्तापूर्वी बसवता येते. मात्र तो निर्णय डॉक्टरांचा. काही औषधे चालू असताना शरीरातील पाणी कमी होणे धोक्याचे असते. लिथियम हे त्यांतील एक, आणि त्यावर असताना निर्जळी उपवास करणे जोखमीचे आहे. बरे वाटू लागले म्हणून किंवा तप करायचे म्हणून औषध आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. आजारी व्यक्तीला सवलत देण्याची रीत धर्माने नाकारलेली नाही. महाराजसाहेबांना विचारले तर तेही हेच सांगतील. मात्र 'यंदा अठ्ठाई का नाही केली?' असे मुलाला चारचौघांत विचारणाऱ्यांना घरच्यांनीच हळुवारपणे थांबवावे.

सोयरिकीचा प्रश्न

बहुतेक घरांची खरी भीती येथे असते. 'बाहेर कळले तर लग्न कसे जमणार?' या भीतीचे उत्तर देताना गोपनीयता आणि फसवणूक यांतील सीमा ओळखली पाहिजे. बारावीच्या ताणापायी चार महिने समुपदेशन घेतले होते, ही गोष्ट परिचयपत्रिकेत लिहिण्याची नाही. तिचा भावी संसाराशी संबंध नाही. परंतु दीर्घकाळ चालणारा गंभीर आजार असेल, औषधे चालू असतील, तर भावी जोडीदाराला साखरपुड्यापूर्वी सांगणे आवश्यक आहे. जैनांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार महत्त्वाची बाब लपवून मिळवलेली संमती विवाह रद्द होण्यास कारण ठरू शकते. हे सांगावे कोणी? ज्याचा आजार, त्याने. डॉक्टरांचा सल्ला घेऊन, समोरच्या व्यक्तीला एकट्याने भेटून. मध्यस्थामार्फत किंवा नात्यातल्या बाईमार्फत गेलेला निरोप वाटेतच वाढत जातो. आणि दुसऱ्या बाजूने, विश्वासाने सांगितलेली अशी गोष्ट ऐकणाऱ्या घराने ती सोयरीक जमो वा न जमो, आपल्यापाशीच ठेवावी. येथेही साकारमंत्रभेदाचा विचार लागू होतो.

धोक्याची वेळ

"मी नसतो तर बरे झाले असते" अशी वाक्ये, निरवानिरवीची भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, दीर्घ उदासीनंतर एकाएकी आलेली विलक्षण शांतता, ही चिन्हे दिसली तर थेट विचारावे, "जीव द्यावा असे मनात येते का?" असे विचारल्याने तो विचार मनात भरतो हा समज चुकीचा आहे, उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी मुलाला एकटे ठेवू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, तोवर १४४१६ वर बोलावे, तातडीच्या प्रसंगी १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. येथे गोपनीयतेपेक्षा जीव मोठा.

शेती-औषधांची विक्री करणाऱ्या घरांनी आणखी एक काळजी घ्यावी. कीटकनाशकांचा साठा घरापासून दूर, कुलपात ठेवावा आणि किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी. घरातील गोळ्यांचा डबाही आवरून ठेवावा. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तेथील आत्महत्यांचे प्रमाण पुष्कळ उतरले. संकटाचा क्षण टळला तर माणूस वाचतो, हा त्यातून मिळणारा धडा होय.

आत्महत्येचा प्रयत्न झाला असता पोलीस कारवाईच्या भीतीने काही घरे उपचारच लपवतात. ती भीती आता अनाठायी आहे. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा करू नये, अशी २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतूनही आत्महत्येच्या प्रयत्नाचा जुना सर्वसाधारण गुन्हा वगळला गेला आहे.

संघाचे आणि विश्वस्तांचे काम

शिरूर ते पुणे या रस्त्यावर वाघोली लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्याला आणले आणि त्यांच्या शिक्षणाची व निवासाची जबाबदारी उचलली. त्यातूनच वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. पुढे आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही तेथे शिकली. परक्या मुलांचे दुःख ज्या समाजाने एवढ्या आपुलकीने वाहिले, त्याने स्वतःच्या घरातील मुलांच्या मनाविषयी संकोच बाळगावा, हे विसंगत आहे.

शिरूरचे चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय आणि दौंडचे किसनदास गुलाबचंद कटारिया महाविद्यालय ही नावे उच्चारली की दानाची परंपरा डोळ्यांपुढे येते. पूर्वजांनी इमारती दिल्या. या पिढीने त्या इमारतींतील मुलांच्या मनाकडे पाहावे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणम येथे 'नीट' परीक्षेची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी निकाल देताना, देशातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, ही त्यांतील एक. शिकवणी वर्गांनाही या सूचना लागू आहेत. आपल्यापैकी जे शाळा-महाविद्यालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत, त्यांनी पुढील सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा.

संघांनाही बरेच करता येईल. स्थानकात समुपदेशन केंद्र उघडण्याची कल्पना उत्साहाने मांडली जाते, परंतु जेथे सर्वांची ये-जा असते तेथे मूल मोकळे होत नाही. त्यापेक्षा संघाने एक छोटा निधी उभारावा आणि तालुक्याबाहेरील दोन-तीन पात्र तज्ज्ञांशी करार करावा. गरजू मुलाने थेट तज्ज्ञांकडे जावे. तज्ज्ञांनी महिन्याअखेर केवळ भेटींची संख्या आणि रक्कम एवढेच देयक संघाला पाठवावे. नाव नको, गाव नको, आडनाव तर नकोच. हिशेब तपासणीस एवढा तपशील पुरेसा होतो. दात्याने लाभार्थी कोण हे विचारू नये, ही या निधीची पहिली अट असावी.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने आपल्याकडे सांगितली आहेत. असा निधी औषधदानात मोडतो. परंतु घरातील मूल समुपदेशकाच्या खोलीतून बाहेर येते, आणि समोर बसलेले वडील काहीही न विचारता गाडीची किल्ली हातात घेऊन उठतात, तेव्हा जे दिले जाते ते अभयदान होय. त्याला पैसा लागत नाही. पेठेत आपण परक्याच्या खात्याचे पान जसे मिटून ठेवतो, तसे आपल्या मुलाचे पानही मिटलेले राहू द्यावे. ते उघडायचे की नाही आणि कधी, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.